लॉकडाऊनमधलं किशोरवय इंग्रजीत कसं सांगाल?

शब्दवेडी_नाशिक

नमस्कार. मी अकरावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या मुलांना इंग्रजी बोलायला आणि लिहायला शिकवते. २०२० साली ही मुलं साधारण बारा ते पंधरा वर्षांची होती. आता त्यांतली काही आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतात, काही परदेशी विद्यापीठांच्या अर्जांसाठी निबंध लिहितात. 'आयुष्यातल्या एखाद्या कठीण काळाबद्दल बोला' असा विषय आला की बहुतेक जण लॉकडाऊन निवडतात. विचार करायला एक मिनिट मिळतं आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं. पण अर्ध्या मिनिटातच गाडी थांबते. 'इट वॉज अ व्हेरी डिफिकल्ट टाइम. आय वॉज व्हेरी बोअर्ड. वी वेअर ऑल इन टेन्शन.' आणि मग शांतता.

मराठीत विचारलं तर हीच मुलं थांबत नाहीत. कुणाला आजोबांची औषधं संपल्याची रात्र आठवते, कुणी गच्चीवरचं क्रिकेट सांगतं, कुणी मोबाइलवरून भावाशी झालेली मारामारी. म्हणजे सांगण्यासारखं भरपूर आहे, इंग्रजीत शब्द हाताशी नाहीत.

सरकारी शब्दांपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच दिसतो. 'लॉकडाऊन' सगळ्यांवर लागू होता. तो 'इम्पोज' केला जातो, 'एक्स्टेंड' होतो, 'ईज' म्हणजे शिथिल होतो आणि शेवटी 'लिफ्ट' होतो. 'लॉकडाऊन ओपन झाला' असं इंग्रजीत होत नाही. 'क्वारंटाइन' हे लागण झालेल्याच्या संपर्कात आलेल्या किंवा बाहेरगावाहून आलेल्या, पण आजारी नसलेल्या माणसासाठी. मार्च २०२० मध्ये आपल्याकडे डाव्या हातावर शाईचा शिक्का मारत होते, तो होम क्वारंटाइनचा. 'आयसोलेशन' हे प्रत्यक्ष लागण झालेल्यासाठी. मुलं हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की घरातले सगळे पॉझिटिव्ह होते.

मग मनाचे शब्द. 'अलोन' म्हणजे सोबत कुणी नाही, एवढंच. त्यात दुःख असेलच असं नाही. 'लोनली' म्हणजे एकटेपण बोचतंय, मग घर माणसांनी भरलेलं का असेना. 'आयसोलेटेड' म्हणजे इतरांपासून तुटलेलं. 'बोअर्ड'च्या जागी 'रेस्टलेस' घ्या, म्हणजे हातापायांना स्वस्थता नाही. 'लिस्टलेस' म्हणजे कशातच जीव नाही, उठावंसंही वाटत नाही. 'कूप्ड अप' म्हणजे कोंडलेलं. 'कूप' म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, म्हणून मुलांच्या लगेच लक्षात राहतो. 'स्टर-क्रेझी' म्हणजे कोंडून राहून डोकं फिरायची वेळ येणं. यातला 'स्टर' हा तुरुंगासाठीचा जुना बोलीतला शब्द आहे.

तुमच्या घरातल्या, शाळेतल्या, गावातल्या त्या वयाच्या मुलांनी खरोखर वापरलेले, किंवा त्यांना हवे असूनही न सापडलेले शब्द इथे सांगाल का? मला वर्गात न्यायचे आहेत.

लेस्टरची_आई

छान विषय, ताई. आमची लेक तेव्हा इथे इंग्लंडमध्ये इयर इलेव्हनला होती, म्हणजे आपली दहावी-अकरावी धरा. २० मार्च २०२०ला शाळा बंद झाल्या आणि जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीसारख्या, परीक्षाच रद्द झाल्या. त्यातून लेस्टर म्हणजे देशातला पहिला स्थानिक लॉकडाऊन. जूनच्या शेवटी बाकीचं इंग्लंड मोकळं होत असताना आमच्यावर पुन्हा निर्बंध आले.

इथे 'क्वारंटाइन' मुख्यतः परदेशातून आलेल्यांसाठी म्हणायचे. लागण झालेला आणि त्याच्या संपर्कातला, दोघांसाठी 'सेल्फ-आयसोलेट' हे एकच क्रियापद चालायचं. म्हणजे तुम्ही वर केलेला फरक बरोबरच आहे, पण ब्रिटिश मुलाच्या तोंडी तो तसाच सापडणार नाही.

मुलांच्या बोलण्यात सगळ्यात जास्त आलेला शब्द म्हणजे 'बबल'. सरकारने जून २०२०मध्ये एकट्या राहणाऱ्या प्रौढांसाठी 'सपोर्ट बबल' काढला, तो वेगळा. सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या तेव्हा प्रत्येक इयत्तेचा किंवा वर्गाचा एक बबल केला. एक मूल पॉझिटिव्ह आलं की 'अवर बबल हॅज बर्स्ट' आणि सगळे पुन्हा घरी. 'शील्डिंग' हा दुसरा. गंभीर आजार असलेल्यांनी घराबाहेरच पडायचं नाही, त्याला तो शब्द. माझ्या लेकीच्या मैत्रिणीची आई शील्डिंग करत होती, म्हणून ती मुलगी शाळा उघडल्यावरही बरेच दिवस आली नाही. वर्गात तिच्याबद्दल बोलताना 'हर मम इज शील्डिंग' एवढंच म्हणायचे आणि पुढे कुणी काही विचारायचं नाही.

आणि 'अल्गोरिदम'. ऑगस्ट २०२०मध्ये ए-लेव्हलचे, म्हणजे इथल्या बारावीसारख्या परीक्षेचे, निकाल सूत्राने लावले, खूप मुलांचे ग्रेड शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आले. मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सरकारने माघार घेऊन शिक्षकांनी दिलेले ग्रेड मान्य केले. तेव्हापासून या पिढीच्या तोंडी 'डाउनग्रेडेड' हा शब्द रागाने येतो.

भूगोल_राहिला

मी २०२०ची दहावी. सगळे पेपर झाले, फक्त भूगोल राहिला. २३ मार्चला होता, आधी पुढे ढकलला, मग रद्दच केला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण दिले. ज्यांनी भूगोलासाठी सुट्टीत नकाशे पाठ केले होते त्यांना अजून ते पाठ आहेत.

मला इंग्रजीत हवा होता तो शब्द दोन-तीन वर्षांनी सापडला. 'इन लिम्बो'. मधल्या मधे लटकलेलं. परीक्षा संपलेली नाही आणि अभ्यासही करायचा नाही. सुट्टी लागलेली नाही आणि शाळाही नाही. 'अप इन द एअर' पण चालतो, पण तो निर्णयाबद्दल बोलताना, जसं 'द डेट वॉज स्टिल अप इन द एअर'. माणूस लिम्बोमध्ये असतो. आणि 'अँटिक्लायमॅक्स'. दहावी दहावी म्हणून दोन वर्षं घरी टीव्ही बंद, आणि शेवटी शेवटचा पेपर देऊन बाहेर येऊन ओरडणं नाहीच.

बाकी आमचे रोजचे शब्द गेममधून आलेले. 'लॅग', 'फ्रीझ', 'म्यूट'. 'अमंग अस' हा गेम २०१८चा, पण आमच्यापर्यंत २०२०मध्येच पोचला आणि 'सस' म्हणजे संशयास्पद हा शब्द घराघरात गेला. माझी आजी भाजीवाल्याला सस म्हणायची. जूनच्या शेवटी टिकटॉक बंद झालं आणि २ सप्टेंबरला पब्जी. मोठ्यांना ती किरकोळ बातमी वाटली असेल. माझे चार मित्र फक्त तिथेच भेटायचे. एकाच सोसायटीत राहून आम्ही भेटत होतो ते त्या गेमच्या व्हॉइस चॅटवर, आणि ते एका दिवसात गेलं.

शब्दवेडी_नाशिक

भूगोल_राहिला, 'लिम्बो' आणि 'अप इन द एअर' यांतला फरक अचूक सांगितलास. तो मी तसाच वापरणार.

यावरून एक गोष्ट. परीक्षेबद्दल बोलताना आपली मुलं 'आय गेव्ह माय एक्झाम' म्हणतात. भारतात सगळ्यांना कळतं. बाहेर मात्र परीक्षा देणारा शिक्षक असतो. विद्यार्थी ती 'टेक' करतो किंवा ब्रिटनमध्ये 'सिट' करतो. 'आय पास्ड आउट इन २०२१' हे तर जपूनच. ब्रिटिश-अमेरिकन कानाला ते 'मी बेशुद्ध पडलो' असं ऐकू येतं. 'आय फिनिश्ड टेन्थ ग्रेड' म्हणा. आणि आपण ज्याला 'ऑफलाइन शाळा' म्हणतो त्याला तिकडे 'इन-पर्सन' म्हणतात. 'ऑफलाइन क्लासेस' म्हटलं की समोरच्याला वाटतं, इंटरनेट बंद पडलं होतं.

मास्तर_श्रीवर्धनकडचा

इंटरनेट बंद पडलं होतं, हो. आमच्याकडे खरोखरच बंद पडलं होतं.

मी रायगडच्या किनाऱ्यालगतच्या एका शाळेत आठवी ते दहावीला शिकवतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब वाकले. कित्येक वाड्यांत महिना होऊन गेला तरी वीज नव्हती. शहरातली मुलं ऑनलाइन वर्गाला कंटाळली होती त्या दिवसांत आमची मुलं बापाबरोबर वाडीतली पडलेली झाडं तोडत होती. त्यांना 'लॉकडाऊनबद्दल लिहा' म्हटलं की ती वादळाबद्दल लिहितात. लॉकडाऊन चालू असतानाच वादळ आलं, मुलांच्या मनात ते वेगळं नाहीच.

तेव्हा माझ्या मुलांसाठी शब्द. 'आउटेज' म्हणजे वीज किंवा नेटवर्क जाणं. आपण 'लाइट गेली' म्हणतो तिथे 'द लाइट वेंट' नको, 'द पॉवर वेंट आउट' हवं. 'रेंज' आपण म्हणतो, इंग्रजीत 'सिग्नल'. 'पॅची सिग्नल' म्हणजे येतो-जातो. 'कट ऑफ' हा सगळ्यात कामाचा. झाड रस्त्यावर पडल्याने गावाचा संपर्क तुटला, त्यालाही 'कट ऑफ' आणि फोनवर बोलता बोलता तुटलं त्यालाही 'कट ऑफ'. 'शेअर्ड फोन'. घरात एकच स्मार्टफोन, तो बापाबरोबर कामावर, म्हणजे गृहपाठ रात्री नऊनंतर. दूरदर्शनच्या सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागायचं ते धाकट्यांना मिळालं, पण ते आठवीपर्यंतच.

आणि एक शब्द मला सतावतो. 'ड्रॉपआउट'. माझ्या वर्गातल्या दोन मुली पुन्हा आल्याच नाहीत, एकीचं लग्न झालं. 'शी ड्रॉप्ड आउट' लिहिलं की तिनेच शाळा सोडली असं वाटतं. काय लिहावं?

शब्दवेडी_नाशिक

मास्तर, 'शी वॉज टेकन आउट ऑफ स्कूल'. किंवा 'शी वॉज मॅरीड ऑफ'. यातला 'ऑफ' महत्त्वाचा आहे, लग्न तिने केलं नसून लावून दिलं गेलं हे त्यातून कळतं. 'शी नेव्हर केम बॅक' हे सगळ्यात साधं आणि एखाद्या मैत्रिणीने लिहिलं तर सगळ्यात खरं.

कोशातला_किडा

थोडी शब्दकोशांची माहिती. २०२०चा शब्द म्हणून कॉलिन्सने 'लॉकडाउन' निवडला, केंब्रिजने 'क्वारंटाइन', मेरियम-वेबस्टरने 'पॅन्डेमिक'. ऑक्सफर्डने त्या वर्षी एकच शब्द निवडायचं नाकारलं आणि अख्खा अहवाल काढला. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी कोशाने 'डूमस्क्रोलिंग' निवडला: वाईट बातम्यांमागून वाईट बातम्या वाचत फोनवर बोट सरकवत राहणं. तो शब्द महामारीच्या आधीचा आहे, पण त्याला दिवस तेव्हाच आले.

ताईंच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी: 'ब्लर्सडे', म्हणजे कोणता वार आहे हे न कळणारा दिवस. 'क्वारंटीन', शेवटी 'टीन', म्हणजे घरात अडकलेलं किशोर. 'कोरोनाकोस्टर', म्हणजे सकाळी उत्साह आणि संध्याकाळी रडू. 'कोव्हिडियट', म्हणजे नियम न पाळणारा. 'झूमबॉम्बिंग', म्हणजे परक्याने ऑनलाइन वर्गात घुसून धुडगूस घालणं. झूमवर डिसेंबर २०१९मध्ये रोजचे सहभागी जास्तीत जास्त एक कोटी असायचे, एप्रिल २०२०मध्ये तो आकडा तीस कोटींवर गेला. एवढ्या गर्दीत दारं उघडी राहणारच.

शब्दवेडी_नाशिक

माहितीबद्दल आभार. पण मुलांना मी हे शब्द ओळखायला शिकवीन, वापरायला नाही. 'डूमस्क्रोलिंग' टिकला, तो चालेल. 'झूमबॉम्बिंग' घडलं असेल तर चालेल. 'ब्लर्सडे', 'कोरोनाकोस्टर' हे त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांत शोभले. आज सतरा वर्षांच्या मुलाने ते लिहिले की वाचणाऱ्याला तो मुलगा दिसत नाही, इंटरनेटवरची यादी दिसते. त्यापेक्षा 'आय लॉस्ट ट्रॅक ऑफ द डेज' लिहावं. 'द डेज ब्लर्ड इंटू वन अनदर' लिहावं. साधी क्रियापदं आहेत आणि दहा वर्षांनीही शिळी होणार नाहीत.

बे_एरियातला_काका

आमच्याकडे 'लॉकडाऊन' हा शब्द शाळेच्या मुलांसमोर जपून वापरावा लागतो. अमेरिकन शाळेत 'लॉकडाउन ड्रिल' म्हणजे बंदूकधारी घुसला तर दार लावून अंधारात बसायचा सराव. त्यामुळे महामारीत अधिकृत शब्द वेगळे होते. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या सहा काउंटींनी १६ मार्च २०२०ला 'शेल्टर इन प्लेस'चा आदेश काढला, इतरत्र 'स्टे-अॅट-होम ऑर्डर'. मुलं नुसतं 'क्वारंटाइन' म्हणायची, अख्ख्या काळालाच. 'ड्यूरिंग क्वारंटाइन आय लर्न्ड गिटार.' कोशात बसत नाही, पण इथल्या किशोरांचा खरा शब्द तोच.

मुलगा तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला येत होता. 'सिंक्रोनस' म्हणजे ठरल्या वेळी सगळे स्क्रीनवर, 'एसिंक्रोनस' म्हणजे ध्वनिफीत-चित्रफीत टाकून दिलीय, तुमच्या वेळेने पाहा. मुलं नुसतं 'एसिंक' म्हणायची आणि त्याचा अर्थ झोप असा होता. 'पॉड' म्हणजे दोन-तीन घरांनी ठरवून एकत्र राहणं, लेस्टरच्या ताईंचा बबल तोच. ९ सप्टेंबर २०२०ला वणव्यांच्या धुराने आमचं आकाश दिवसभर नारिंगी होतं, तेव्हा अंगणात जाणंही बंद झालं. त्या दिवसाबद्दल त्याने 'ईरी' हा शब्द लिहिला होता. भीतीदायक, पण नेमकं कशामुळे ते सांगता येत नाही असं.

परदेशी अर्ज करणाऱ्यांसाठी: कॉमन अॅप या अमेरिकन विद्यापीठांसाठीच्या सामाईक अर्जाने २०२०च्या अर्जांपासून महामारीच्या परिणामांसाठी एक वेगळा ऐच्छिक रकाना दिला होता, मर्यादा २५० शब्द. तेव्हा आम्हाला मिळालेला सल्ला चांगला होता: तिथे भावना कमी आणि वस्तुस्थिती जास्त लिहा. घरात किती जण, उपकरणं किती, कोणाची नोकरी गेली, तुझ्यावर कोणतं काम आलं. तो अजून लागू आहे असं मला वाटतं, रकाना कोणताही असो.

लालबागचा_पोरगा

सगळा धागा वाचला. शब्द छान आहेत, पण एक सांगू का? यातले निम्मे शब्द ज्या घरांतून आलेत तिथे पोराला स्वतःची खोली असते.

इंग्रजीत लॉकडाऊनमधल्या टीनएजरबद्दल काहीही वाचा. 'होल्ड अप इन हिज रूम'. 'शट हरसेल्फ इन हर बेडरूम'. दार लावून घेतलं, आईबाप दारावर टकटक करतायत. आमच्या चाळीतल्या खोलीत दार एकच, आणि ते गॅलरीत उघडतं. आत आम्ही सहा जण. संडास मजल्यावर सामायिक. बिल्डिंगमध्ये एक केस निघाली की पालिकेची माणसं येऊन खाली बांबू बांधून जायची. त्यात आयसोलेशन कसलं? ज्याला लागण व्हायची त्याला उचलून सेंटरला न्यायचे, कारण घरात वेगळं ठेवायला कोपराच नव्हता.

आणि तरीही मी तुटलेलोच होतो. आई, बाबा, आजी, काका, बहीण, सगळे चोवीस तास समोर, आणि माझ्या वयाचं बोलायला कुणी नाही. वर्ग जिन्यात बसून करायचो. मास्तर 'कॅमेरा ऑन कर' म्हणायचे. कॅमेरा लावला तर मागे आजी झोपलेली आणि बाबा बनियनवर. म्यूट काढला तर कुकरची शिट्टी. मी वर्षभर वर्गात काहीच बोललो नाही ते आळसाने नाही. ताईला तर कपडे बदलायला सगळ्यांनी गॅलरीत जायचं, आणि गॅलरीत सगळी चाळ.

याला इंग्रजीत काय म्हणायचं? 'लोनली' म्हटलं तर विचारतात, पण तुझ्या घरी तर सहा जण होते ना.

शब्दवेडी_नाशिक

तू जे लिहिलंस तेच माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचं आहे आणि त्यांनाही हेच जमत नव्हतं. ती वहीत 'आय वॉज आयसोलेटेड इन माय रूम' लिहितात, कारण नमुना निबंधात तसं असतं, आणि तिथेच त्यांची स्वतःची गोष्ट हातातून निसटते. मग पुढचं वाक्य सुचणार कुठून?

तुझ्यासाठी शब्द आहेत, इंग्रजीतही दाटीवाटीची घरं आहेतच. 'क्रॅम्प्ड', म्हणजे जागा अपुरी. 'वी वेअर ऑन टॉप ऑफ ईच अदर', म्हणजे एकमेकांच्या अंगावर राहत होतो; हा अगदी रुळलेला प्रयोग आहे. 'अंडर ईच अदर्स फीट', म्हणजे सारखे एकमेकांच्या पायात. 'नो प्रायव्हसी' तर आहेच, पण त्याहून चांगला एक शब्द देते: 'इअरशॉट'. ऐकू येईल एवढं अंतर. 'देअर वॉज नोव्हेअर आउट ऑफ इअरशॉट.' मित्राशी फोनवर काही बोलायचं तर ऐकू जाणार नाही अशी जागाच नाही.

आणि तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच मजकुरात आहे. ते नुसतं सरळ ठेव: 'देअर वेअर सिक्स ऑफ अस इन वन रूम. आय वॉज नेव्हर अलोन, बट आय हॅड नो वन माय ओन एज टु टॉक टु.' यानंतर 'लोनली' हा शब्द लिहायची गरजच उरत नाही. लिहिलास तरी कुणी उलट प्रश्न विचारणार नाही.

लेस्टरची_आई

लालबागच्या मुला, इथेही होतं रे. बेलग्रेव्ह भागातल्या टेरेस घरांत तीन पिढ्या एकत्र राहतात. बातम्यांत 'मल्टिजनरेशनल हाउसहोल्ड' म्हणायचे. आजोबांना लागण होईल म्हणून नातवंडं मित्राला दारातही भेटत नव्हती. 'आय वॉज स्केअर्ड ऑफ ब्रिंगिंग इट होम' हे वाक्य माझ्या लेकीच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी लिहिलं होतं. स्वतःच्या आजाराची भीती नाही, तो घरी नेण्याची.

समुपदेशक_पुणे

मी किशोरवयीन मुलांसोबत काम करते, म्हणून मनाच्या शब्दांबद्दल थोडं सविस्तर.

'डिप्रेस्ड' हा शब्द मुलं फार सहज वापरतात. तो आजाराचंही नाव आहे, त्यामुळे निदान झालेलं असेल तरच किंवा त्या तीव्रतेचं काही असेल तरच वापरावा. मुलांनी लॉकडाऊनचं जे वर्णन माझ्यापाशी केलं त्याला जवळचे शब्द हे: 'इरिटेबल', म्हणजे जरा काही झालं की चिडणारं. 'ऑन एज', म्हणजे सतत ताणलेलं, फोन वाजला तरी दचकणारं. 'विथड्रॉन', म्हणजे स्वतःत मिटून गेलेलं, घरच्यांशीही न बोलणारं. 'नंब', म्हणजे बधिर. दुसऱ्या लाटेत रोज कुणाची तरी बातमी यायची, तेव्हाची मुलं 'मला काहीच वाटेनासं झालं' म्हणायची, ते हे. 'नर्व्हस' हे समोरच्या एखाद्या प्रसंगाबद्दल असतं, 'अँक्शस' हे अजून न घडलेल्या, कदाचित न घडणाऱ्या गोष्टीबद्दल. २०२०-२१मध्ये आपण सगळे अँक्शस होतो.

'लँग्विशिंग' हाही शब्द उपयोगाचा आहे. आजारी नाही आणि बरंही नाही, दिवस ढकलणं चाललंय. समाजशास्त्रज्ञ कोरी कीज यांनी तो मानसिक आरोग्याच्या संदर्भात मांडला आणि एप्रिल २०२१मध्ये मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट यांच्या न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखाने तो सगळीकडे पोचला. मोठ्या मुलांना तो पटकन पटतो.

आता ज्यांच्या घरात माणूस गेलं त्यांच्याबद्दल. 'माय फादर एक्सपायर्ड' असं आपल्याकडे दाखल्यांवर आणि बोलण्यात चालतं, बाहेरच्या वाचकाला मात्र ते मुदत संपल्यासारखं वाटतं. 'माय फादर डाइड' हे उद्धट नाही, स्वच्छ आहे. 'वी लॉस्ट माय फादर' हे मऊ आहे. 'बिरीव्ह्ड' हा शब्द मुलाने स्वतःबद्दल न वापरता इतरांबद्दल लिहिताना वापरावा, फार औपचारिक आहे. शेवटचं दर्शन झालं नाही, याला 'आय नेव्हर गॉट टु से गुडबाय'. हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकलं आहे, मराठीत आणि इंग्रजीत, की ते कधी शिकवावं लागलं नाही.

ताई, एक कळकळीची विनंती. ज्या मुलाच्या घरात हे झालंय त्याला सरावासाठी हा विषय सक्तीने देऊ नका. विषय निवडायची मोकळीक आधी द्या, शब्द नंतर. आणि बोलता बोलता कुणी फारच ढासळलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक वर्गात लावून ठेवा.

शब्दवेडी_नाशिक

ठेवते. विषयाची सक्ती मी यापुढे कुणालाच करणार नाही. दोन पर्याय कायम देईन.

आयेल्ट्स_दिलेला

एक सावधगिरीचा मुद्दा. परीक्षकांना पाठ केलेलं लगेच कळतं आणि त्याचे गुण जातात. 'लँग्विशिंग', 'स्टर-क्रेझी', 'कूप्ड अप', 'ईरी' असे चार शब्द दोन मिनिटांत कोंबले तर ते रचलेलं वाटेल. मी सांगेन, एक नवा शब्द घ्या आणि त्याच्यामागे एक घडलेली गोष्ट ठेवा. मास्तरांच्या विद्यार्थ्याने 'द व्हिलेज वॉज कट ऑफ फॉर डेज' म्हणून पुढे सुपारीची झाडं कशी ओढून काढली ते सांगितलं तर दोन मिनिटं पुरणार नाहीत.

शब्दवेडी_नाशिक

अगदी मान्य. मी तर पुढे जाऊन म्हणेन, विशेषणं कमी करा आणि क्रियापदांचे काळ नीट करा. लॉकडाऊन सांगायला तीन प्रयोग पक्के हवेत. सवयीसाठी 'वुड': 'एव्हरी इव्हनिंग वी वुड गो अप टु द टेरेस.' थांबत नव्हतं अशासाठी 'केप्ट': 'दे केप्ट पोस्टपोनिंग द एक्झाम.' आणि मागे वळून पाहताना 'हॅड': 'बाय द टाइम स्कूल्स रीओपन्ड, आय हॅड फर्गॉटन हाउ टु सिट थ्रू अ होल लेसन.'

नववी_ते_दहावी_घरातच

'रीओपन्ड'वरून आठवलं. मी २०२१ची दहावी. आमची तर परीक्षाच झाली नाही, नववी-दहावीच्या मूल्यमापनावर निकाल. अकरावीसाठी सीईटी ठेवली होती, ती ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. कॉलेजात पहिल्यांदा बसले तेव्हा शाळेचा मागचा नीट दिवस नववीतला होता.

शहरातल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ला उघडल्या तेव्हा माझा धाकटा भाऊ आठवीत गेला. सहावीत असताना घरी आलेला. त्याचा गणवेश घालून पाहिला तर पँट पोटरीपर्यंत. मित्राला आवाजावरून ओळखेना, कारण सगळ्यांचे आवाज फुटलेले आणि तोंडावर मास्क. मला या सगळ्याचे शब्द हवे आहेत. लॉकडाऊनबद्दलच्या इंग्रजी निबंधांत मुलं घरात बसलेली असतात, वाढताना कुणी दाखवत नाही.

लेस्टरची_आई

'शूट अप' म्हण. 'ही हॅड शॉट अप', म्हणजे एकदम उंच झाला. 'हिज व्हॉइस हॅड ब्रोकन', आवाज फुटला. 'ही हॅड आउटग्रोन हिज युनिफॉर्म', गणवेश लहान झाला. 'आउटग्रो' मैत्रीबद्दलही वापरतात. माझ्या लेकीने लिहिलं होतं की दोन मैत्रिणींची मैत्री अशीच सुटली. भांडण नाही काही नाही, मधल्या काळात तिघी वेगवेगळ्या दिशेने मोठ्या झाल्या.

समुपदेशक_पुणे

त्यात 'ऑकवर्ड' आणि 'आउट ऑफ प्रॅक्टिस' हे दोन घाला. शाळा उघडल्यावर मुलं माझ्याकडे जी तक्रार घेऊन यायची ती अभ्यासाची कमी आणि 'मधल्या सुट्टीत कुणाशी काय बोलायचं सुचत नाही' याची जास्त. 'आय वॉज आउट ऑफ प्रॅक्टिस विथ पीपल' असं एकाने स्वतःच म्हटलं होतं आणि त्याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

लालबागचा_पोरगा

ताई, लिहून पाहिलं. एका जागी अडलो. 'आय यूज्ड टु स्टडी ऑन द स्टेअर्स' बरोबर की 'आय गॉट यूज्ड टु स्टडी ऑन द स्टेअर्स'?

शब्दवेडी_नाशिक

अर्थ वेगळे आहेत. पहिल्याचा अर्थ, तेव्हा जिन्यात अभ्यास करायचो, आता नाही. दुसऱ्याचा अर्थ, जिन्यात अभ्यास करायची सवय झाली, पण तिथे 'स्टडी' नाही, 'स्टडिइंग' लागतं: 'आय गॉट यूज्ड टु स्टडिइंग ऑन द स्टेअर्स.' तुला सवय झाली होती का, की शेवटपर्यंत नकोसंच वाटत होतं? त्यावर ठरव. नकोसंच वाटत असेल तर 'आय नेव्हर गॉट यूज्ड टु इट' लिही, आणि का ते पुढच्या वाक्यात सांग.